आकाशातली विरळ जागा

बाबा, मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. अक्षर सुबक दिसलं तर हुरळून जाऊ नका, मला अजूनही अंगठाच येतो. तुम्हाला जाऊन चाळीसएक वर्षं झाली. आता ऐकायला सवड असेल, म्हणून सांगते.

ही पोरगी आकाशाचा अभ्यास करते. ढगांच्याही खूप वर, हवा संपत येते तिथे, उन्हाने कण फुटून विजेचा भार असलेला एक वायू पसरतो म्हणे. त्याला प्लाझ्मा म्हणतात. उपग्रह त्यातून जातो आणि तो कुठे दाट, कुठे विरळ, ते मोजत राहतो. मी म्हटलं, "म्हणजे बांधीतलं धानच मोजून राहिली तू. बांधी तेवढी वर टांगली." ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

दिवाळीला ती केशोरीला माझ्याकडे आली तेव्हाची ही गोष्ट. मी तांदूळ पाखडत होते. दिवस मावळल्यावर विषुववृत्ताजवळून जाताना उपग्रहाचे आकडे मध्येच धाडकन खाली पडायचे. हिला वाटलं, यंत्राचीच खोड. तिने आजूबाजूचे आकडे बघून ते खड्डे भरले आणि रेघ सरळ केली. आता तिच्या मॅडमनी मुळातले आकडे मागितले होते.

"आजी, झाकले म्हणून सांगितलं तर दोन वर्षांचं काम जाते वो."

"आन् नाही सांगितलं तर?"

"तर झोप जाते."

मग मी तिला तुमची गोष्ट सांगितली. रोवणी होऊन आठ दिवस झालेले, बांधीच्या एका कोपऱ्यात रोप विरळ पडलेलं. तुम्ही बघायला येणार म्हणून दाट जागची रोपं उपटून तिथे खोचली गेली. कोपरा कसा हिरवागार दिसला! तुम्हीही फसलात. दोन दिवसांनी नेमका तिथेच धुऱ्याचा बांध फुटला, कारण खाली खेकड्याचं बीळ होतं, आणि सगळं पाणी खालच्या बांधीत गेलं. तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीला धुऱ्यावर उभं करून गरजलात, "विरळ काऊन झालं, ते मले कसं समजंल आता? झाकाले कोणं सांगतलं होतं तुले?"

 पोरगी परत गेली आणि स्वतःहून मॅडमना सगळं सांगून आली. मुळातले आकडे पुन्हा मांडले. त्याच वेळी त्याच भागातून दुसराही एक उपग्रह गेला होता, त्याचे आकडे ताडून पाहिले, तर त्यातही तेच खड्डे! यंत्र बिचारं शहाणं होतं. तिथला प्लाझ्मा खरोखरच विरळ होतो, आणि त्यापायी मोबाइलवरचा नकाशासुद्धा कधी कधी वाट चुकतो.

"आजी, खड्डे खरे निघाले! काम वाचलं!" फोनवर नुसती किंचाळत होती.

"मॅडम बोलल्या का?"

"लय बोलल्या."

"बोलू दे. जेवली का तू?"

फोन ठेवला आणि बाबा, कितीतरी दिवसांनी मला कडकडून भूक लागली.

आता ही चिठ्ठी टाकायची कुठे, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नाही. राहील घरातच. पण ही एवढीशी पोर आपल्या पायांनी जाऊन सांगून आली, तेव्हाच मीही सांगायचं ठरवलं. ती रोपं धाकटीने खोचली नव्हती. मी खोचली होती, आणि तुमच्यापुढे तिचं नाव घेतलं होतं. ती आता कुडव्याला असते, आणि अजूनही म्हणते, बाबा त्या दिवशी उगाचच ओरडले.

नातीचा पेन थांबला आहे. ती माझ्याकडे बघते आहे.

"लिही वो," मी म्हणते, "जसं सांगितलं तसंच लिही."