पंखा बंद ठेवा

सुचिता वन्स,

"इतक्या स्वस्तात एवढी मोठी ड्राइव्ह मिळत नसते गं, वर लिहिलेला जागेचा आकडा खोटा असणार," असं तुम्ही म्हणाला होतात आणि मी हसण्यावारी नेलं. आईंनी तर त्या नव्या ड्राइव्हला हळदकुंकूही लावलं. घरचे सगळे व्हिडिओ मी तिच्यात टाकले आणि कॉम्प्युटर जोरात चालावा म्हणून जुनी हार्ड डिस्क पुसून टाकली. आज बघते तर नावं दिसतात, पण एकही व्हिडिओ उघडत नाही.

दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "जुन्या डिस्कवर नवीन काही टाकलं नसेल तर परत मिळतीलही. घेऊन या." म्हणून ती काढून, राहीला बरोबर घेऊन अलिबागला जातेय.

आई सुकट वाळत घालून आल्या की ताट घेऊन कॉम्प्युटरसमोरच बसतील. विनेश जहाजावर गेल्यापासून त्या रोज राहीच्या बारशाचा व्हिडिओ लावतात आणि "तू जेवलास काय रं?" असं पडद्यावरच्या त्याला विचारल्यावरच पहिला घास घेतात. मीही भांडी घासायची थांबून ऐकते. त्याचं ते हसणं फोनवर ऐकू येत नाही. फोन तरी कुठे येतो म्हणा.

आईंना काही सांगू नका. लाइट गेलीय म्हणा आणि आठवणीने पंखा बंद ठेवा, नाहीतर लगेच ओळखतील. कालवण गॅसवर झाकून ठेवलंय. आज त्यांच्यासमोर तुम्ही बसा, आणि त्या खरंच जेवतात ना, तेवढं बघा.

प्रणाली