शंभर वाव खालचा फाटा

सोमवार, ६ सप्टेंबर १९४३. लोणावळा

बोट बुडाली! अरबी समुद्रात, सोकोत्रा बेटाच्या दक्षिणेला, पाणबुडीनं बुडवली. आमच्या सागरी नोंदींच्या कचेरीत आलेली तार मीच वाचली. आमच्या आळीतला मकसूद त्याच बोटीवर – भट्टीत कोळसा टाकायला. विमानाला एक होडी दिसली, माणसांनी भरलेली. मग ढग आले.

“चकार शब्द काढायचा नाही,” साहेबांनी बजावलं. युद्धाची गुपितं!

आणि नेमकी त्याची आई, मदिनामावशी, कचेरीच्या दारात अंडी घेऊन. “सोपान, मकसूदचं पत्तर लय दिस न्हाई रं. तुमच्यात बोटींची खबर येती ना?”

“नाही मावशी. आम्ही नुसतं समुद्राचं तापमान मांडतो.” मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मंगळवार, ७

एडनहून एकच शोधबोट निघाली. होडी प्रवाहाबरोबर जाणार, पण कुठं? साहेब म्हणतात उत्तरेला, अरबस्तानाकडे. वरच्या पाण्याच्या तापमानावरून! वरचं पाणी ऊन तापवतं, वारा ढवळतो. त्याच्यावर कसला भरवसा? तापमापक शंभर वाव, म्हणजे सहाशे फूट, खोल सोडावा. तिथं गार आणि ऊबदार पाणी जिथं खेटून असतं, त्या कडेनं प्रवाह धावतो. दिवसभर जुन्या नोंदी उपसल्या.

बुधवार, ८

सापडलं – आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. गेल्या सप्टेंबरचे तीन गार आकडे. बाकीच्यांशी जुळेनात म्हणून मीच लाल शाईनं काट मारलेली: ‘तापमापक जास्त खोल सोडला.’ पद्धतच आमची! न जुळणारा आकडा म्हणजे खलाशाचा निष्काळजीपणा. आणि ठरवणार कोण? तर मी, इथं घाटावर खुर्चीत बसून!

ते तीन आकडे धरले की कार्ल्याला रस्ता फुटतो तसा प्रवाह फुटतो. एक फाटा उत्तरेला, दुसरा पूर्वेला भर समुद्रात. जोर पूर्वेच्या फाट्याला.

गुरुवार, ९

साहेबांशी कडाक्याचं भांडलो. “तीन आकड्यांवर बोट वळवू? चुकलं तर?” “आणि नाही वळवली तर?” शेवटी तार केली. बोट पूर्वेला वळली. डबा तसाच घरी परत नेला.

शनिवार, ११

काही नाही. मावशी म्हणाली, “त्वांड का उतरलंय रं तुजं? जेवतोस ना येळेवर?” माझीच काळजी! शरमेनं वर बघवेना.

रविवार, १२

होडी सापडली!! मी नकाशावर ओढलेल्या रेघेपासून सहा मैलांवर! एकवीस जण जिवंत! साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. नावं उद्या येतील. मावशीकडे धावत सुटावंसं वाटतंय.

सोमवार, १३

होड्या दोन होत्या. मकसूद दुसरीत. ती पहिल्याच दिवशी उत्तरेला वाहत गेली, वाचलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तिच्यात प्यायचं पाणी चार दिवसांचं होतं. शोधबोट तिकडेच चालली होती. मी वळवली.