बिनधुळीची शर्यत

कल्याण, ता. ४ जानेवारी १८८८. सकाळी.

निश्चय झाला. शहाडला नदीकाठी आपले रान पडून आहे, तिथे या महिनाअखेर बैलगाड्यांची शर्यत भरवायची. बक्षीस चांदीचे कडे. अध्यक्ष असिस्टंट कलेक्टरसाहेब. ठाण्याचे व्याही सहकुटुंब पाहायला येतील, आमची उत्तरा त्यांच्याबरोबर येईल आणि पहिल्या बाळंतपणाला इथेच राहील. प्लॅन पक्का.

हिचे म्हणणे, उत्तराला सातवा चालू आहे, आठवा लागला की सासरचे उंबरा ओलांडू देणार नाहीत. उद्याच्या गाडीने जा आणि तिला घेऊन या.

बायकांना दूरचे दिसत नाही. दिवाळीत मी गेलो होतोच की! या व्याह्याने मला ओटीवर ताटकळत ठेवले आणि वर विचारले, तुमच्या कल्याणात पाहण्यासारखे आहे तरी काय? आता दाखवतोच. त्या ओटीची पायरी पुन्हा चढणार नाही. स्वाभिमान म्हणून काही चीज आहे की नाही?

ता. ७.

कचेरीत अर्ज दिला. कारकून म्हणाला, शेतजमिनीवर लोक जमवायचे तर मामलेदारसाहेबांची परमिशन लागेल आणि त्याआधी शेजाऱ्यांच्या हरकती दूर कराव्या लागतील. शेजारी तिघेच. दाजी, गोमाजी आणि आवडाबाई कोळीण. सकाळचे काम.

ता. ९.

फक्त दाजी झाला. मुंबईच्या ट्रामच्या घोड्यांना जाणारे त्याचे गवत रानाला लागूनच रचलेले आहे. चिलमीची एक ठिणगी उडाली तर पोरांनी काय खायचे, म्हणाला. वाजवी आहे. दारूकाम रद्द. चिलीम बंद. मी इतका समजूतदार आहे हे मलाच ठाऊक नव्हते.

हिने विचारले, ठाण्याला कधी? म्हटले, अगं, सगळे जमत आले आहे.

ता. १३.

गोमाजी महा चिकट माणूस. त्याचा वाल ऐन शेंगांत आहे. उधळलेला बैल बांध बघत नाही, हे एकच वाक्य त्याने दुपारपर्यंत घोळवले. शेवटी तोड मीच काढली. बैल पळणार नाहीत, चालतील. गोमाजीने विचारले, मग शर्यत कसली? आता याला काय सांगायचे! सावकाश चालवण्यातच खरे कसब असते. विलायतेत असे काही असणारच.

ता. १८.

आवडाबाई रानाच्या कडेला मासळी सुकवते. चाकांची धूळ बसली तर ती मासळी कोण घेणार, असा तिचा सवाल. गाड्या रद्द केल्या. बैल नुसते जोडीने जातील. यावर ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली.

मग भलत्याच विषयावर घसरली. ठाण्याला ती व्याह्यांच्या दारावरूनच मासळी विकत जाते. उत्तरा रोज दारात येऊन विचारते म्हणे, बाबा कधी येणार? पेटी भरून तयार ठेवली आहे. आणि मलाच सुनावले, पोर तिकडं वाट बघतंय नि तू हिकडं बैलं मोजतंस, पोरीला आणायला पण परवाना लागतो का रे बाबा?

पेटी भरली, म्हणजे शर्यतीची बातमी ठाण्यापर्यंत पोचली! शुभचिन्ह.

ता. २३.

मामलेदारसाहेब दौऱ्यावर. तेवढ्यात तिघांच्या नव्या हरकती. लोक गवतावर बसतील, शेंगा तोडतील, मासळीवर कुत्री येतील. सबब लोकांनी रानात यायचे नाही, रस्त्यावरून पाहायचे, असे कबूल केले. कारकून माझ्याकडे बघतच राहिला. इतका सरळ अर्जदार त्याने पाहिला नसावा.

ही स्वयंपाकघरात. भांडी आपटते.

ता. २८. सायंकाळी.

जीव थाऱ्यावर नाही. सकाळी तडक स्टेशनावर गेलो, तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. काय तोंड घेऊन जाऊ? ते विचारतील, काय आहे हो तुमच्या कल्याणात? हातात परवाना असता तर गोष्ट वेगळी. व्याह्यांना शर्यतीचे निमंत्रणही अजून धाडलेले नाही. परमिशनआधी धाडणे बेकायदा होईल. देवा नारायणा, एवढी एक सही होऊ दे रे! पोरीला आणतो, नक्की आणतो.

ता. ३१.

ही मला न विचारता आवडाबाईबरोबर ठाण्याला गेली. संध्याकाळी परत आली. एकटीच.

आठवा कालच लागला. व्याही हिला म्हणाले, संक्रांतीपासून रोज गाडीच्या वेळेला आम्ही दाराकडे बघत होतो. माहेरचे कोणी न्यायला येईना, तेव्हा तिकडे सोय नसावी असे समजलो. शर्यतीचे त्यांच्या कानावरही नव्हते. बैलांना तर ते लहानपणापासून भितात.

मी विचारले, उत्तरा रडली का? ही म्हणाली, नाही. तिने पेटी उघडली आणि एकेक लुगडे परत दांडीवर टाकले.

जेवण गेले नाही.

ता. १० फेब्रुवारी.

परवाना आला. सही, मोहोर, सर्व यथास्थित. गाड्या आणायच्या नाहीत, बैल पळवायचे नाहीत, रानात माणसे न्यायची नाहीत, बाकी शर्यतीस सरकारची हरकत नाही. तो घेऊन शहाडला रानात उभा राहिलो. कोणी नव्हते. धूळ म्हणून उडाली नाही.

घरी आलो तो हिचे गाठोडे बांधून तयार. लेकीच्या सासरी पाण्याचा घोट न घेणारी ही, आता बाळंतपणासाठी तिथेच जाऊन राहणार. डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, सगळे आवडाबाईच्या टोपलीशेजारी. मी परवाना दाखवला. तिने वाचला नाही. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, बारशाला या, शेजाऱ्यांची हरकत नसेल तर.

दुपारी दाजीला आणि गोमाजीला विचारले. त्यांची काही हरकत नाही.