पोरगी जेवली काय?

बाबा, आज हिशेब लिहायचा सोडून तुम्हालाच लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर तुमच्या कंपनीने बाम, खोकल्याचं औषध, मलम, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचा सगळा माल दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. डबी तशीच हिरवी आहे, वास मात्र बदलला. आई आता माझ्याकडे असते. माणसं ओळखू येत नाहीत तिला, डोकं दुखतं एवढंच सांगते. डॉक्टरांना दाखवलं, काळजीचं काही नाही म्हणाले. पण बामाचं बोट कपाळाशी नेलं की हात झटकते. "सरक तिकडं! हा त्यायचा बाम नोहे." आठवडाभर चांगली डबी नुसती पडून, आणि ती कण्हत.

मग धामणगावचा बाजार आठवला. कंपनीची जीप लिंबाखाली लावलेली. बाया परक्या पुरुषाकडून कपाळाला बाम लावून घेत नसत, म्हणून सुट्टीत तुम्ही मला सोबत न्यायचे. "पयले तळहात चोळून गरम कर. मंग इचार, लावू काय म्हणून. हो म्हनल्याबिगर बोट लावू नको." एक म्हातारी डोळे मिटून हसते, "बाम राहू दे बापा, हे पोरगीच दे मले!" तेवढ्यात एक बाई तापलेलं लेकरू घेऊन येते आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगते, "लावा मावशी, ताप पळते." तुम्ही सगळ्यांदेखत रागावता. "डबीत देव बसला काय वं?" माल तसाच उतरवून ठेवून त्या मायलेकरांना जीपमध्ये बसवता, दवाखान्यात नेता. त्या दिवशी विक्री झाली नाही. मी घरापर्यंत रुसलेली. दारात तुम्ही नमुन्याची एक डबी माझ्या मुठीत ठेवली.

आज दुपारी तसंच केलं. तळहात चोळले, आईसमोर बसले, विचारलं, "लावू काय?" तिने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. वास नवाच होता, तरी हात झटकला नाही.

"आले काय हो बजारातून?" तिने विचारलं.

"हाव," मी म्हटलं.

"पोरगी जेवली काय? लय थकली असंन."

हा कागद पोथीखाली ठेवते, टाकणार तरी कुठे? पण तुम्हाला सांगायलाच हवं. मी "जेवली" म्हटलं, बाबा. आज एकादशी होती.