मुलुंडच्या ब्लॉकमधलं विमान

अप्पा,

परवा थोरली मला म्हणाली, "आई, मी लहानपणी विमानात बसले तेव्हा अप्पाआजोबा होते ना गं बरोबर? स्टीलच्या ताटलीत पोहे घेऊन आले होते." ती आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे, तिच्या आठवणीला खोटं म्हणायचं म्हणजे भांडण. मी म्हटलं, "अगं, तुझे आजोबा आयुष्यात कधी विमानात बसले नाहीत." ती ऐकेना. म्हणे, समोर कपाट होतं आणि आजोबा म्हणत होते पट्टा बांधा. तेव्हा कळलं, तिला आठवतंय ते विमान आपल्या मुलुंडच्या ब्लॉकमधलं आहे.

धाकट्याच्या बाळंतपणाला मी शिकागोहून तुमच्याकडे आले होते. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाळंतिणीचं सगळं तुम्हीच केलंत, शेजारच्या काकूंना विचारून विचारून डिंकाचे लाडूसुद्धा वळलेत. येताना हे बरोबर होते, पण नवी नोकरी म्हणून आठवड्यात परत गेले. मग पत्र आलं की पुन्हा रजा मिळणार नाही, तिकिटाची मुदत संपत आलीय, तू दोघांना घेऊन ये. धाकटा चार महिन्यांचा, थोरली अडीच वर्षांची, आणि मध्ये लंडनला विमान बदलायचं. मी पत्र वाचून दाखवलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात. मला वाटलं आता जावयावर तोंड सोडाल. तुम्ही म्हणालात, "म्हणजे तयारी करायला हवी."

भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर. तिथे आग लागली तर कोणी काय करायचं याची कवायत तुम्ही घ्यायचात. तीच तुम्ही घरात आणलीत. काकूंकडून दोन घडीच्या खुर्च्या मागून आणल्या आणि कपाटासमोर इतक्या जवळ मांडल्या की गुडघे दाराला लागावेत. मी खिडकीशी, बाळ मांडीवर, थोरली शेजारी. "आता तीन तास उठायचं नाही," तुम्ही सांगितलंत. रविवारची दुपार. पंखा डोक्यावर नव्हता, घामाने बाळ चिडलं, थोरली खुर्चीवरून घसरून खाली, आणि तुम्ही ताटलीत पोहे घेऊन उभे. "एका हाताने खा. दुसरा मोकळा नाही तुझा." मग उठून बाळ, थोरली, बॅग असं सगळं घेऊन संडासापर्यंत जायचं आणि परत यायचं. पुन्हा. पुन्हा एकदा. काकू दारात येऊन म्हणाल्या, "अहो, ओली बाळंतीण आहे ती, काय सर्कस लावलीत?" तुम्ही त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या खेपेला खांद्यावरची बॅग घसरली, मी ती सावरायला थोरलीचा हात सोडला आणि तुम्ही ओरडलात. रागावलात की तुमच्या तोंडून मालवणी यायची. "हात कित्याक सोडलंस गो? बॅग गेली तर जाऊ दे! पोर गेली तर काय करशील?" थोरली भोकाड पसरून रडायला लागली. मीही रडले. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "हात सोडायचा नाही. बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही. बाकी सगळं सांडलं तरी चालेल." आणि पुन्हा कपाटाशी नेऊन बसवलंत.

खऱ्या विमानात पहिल्या तासातच माझ्या लक्षात आलं की मुलुंडला एक गोष्ट नव्हती. माणसं. शेजारचा गृहस्थ बाळाच्या प्रत्येक किंकाळीला पेपर झटकत होता. शेवटी तो उठून दुसरीकडे जाऊन बसला आणि मला हायसं वाटण्याऐवजी अपमानच वाटला. बाळाचे कान दुखत असावेत. अंगावर घेतलं तरी ते तोंड फिरवत होतं, पाठ ताठ करून ओरडत होतं. थोरली एकच धोशा लावून बसली होती, "अप्पा कुठे? अप्पा पोहे आणतायत?" मी म्हणत होते, आणतायत, आणतायत. लंडनपर्यंत मी पाण्याचा घोट घेतला नाही, कारण प्यायले तर उठावं लागेल.

आणि उतरायच्या वेळी थोरली झोपली. अशी झोपली की हलवलं तरी मान लटकत होती. कवायतीत ती कायम जागी होती ना अप्पा, झोपलेल्या पोरीचं वजन आपण धरलंच नव्हतं. सगळे उतरले. हवाईसुंदरी घड्याळाकडे बघत उभी राहिली. मी बॅग सीटवर सोडली, लंगोट, कपडे, सगळं असलेली. एका खांद्यावर ही, एका खांद्यावर तो, पासपोर्ट पोलक्यात खोचलेले, अशी निघाले. ती वाट संपेचना. काचेचे बोगदे, सरकते पट्टे, पुन्हा बोगदे. डावा हात बधिर झाला. पोर आता सुटेल असं वाटलं तेव्हा मी भिंतीला टेकून सरळ जमिनीवर बसले. माणसं पाय उचलून बाजूने जात होती.

तेवढ्यात थोरली जागी झाली. "आई, शू."

समोरच बायकांचा संडास. आत लादी ओली, बाळाला ठेवायला कोरडी जागा नाही, आणि माझ्या हातात दोघांना धरून पोरीची चड्डी सोडवण्याचं त्राण नाही. दाराशी एक म्हातारी पंजाबी बाई फडकं मारत होती, सलवार-कमीजवर विमानतळाचा निळा कोट घातलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि बादली बाजूला ठेवून हात पुढे केले. "ला बेटी, मुझे पकड़ा दे." तुमचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, अप्पा. थोरली मांड्या आवळून उभी होती. मी बाळ दिलं.

किती वेळ लागला असेल? थोरलीचं झालं, मग माझं, मुंबईपासून रोखून धरलेलं. बाहेर आले तर दाराशी नुसती बादली.

बाई नाही. बाळ नाही.

मी उजवीकडे धावले, मग डावीकडे. थोरलीचं मनगट मी इतकं घट्ट धरलं होतं की ती विव्हळत होती. सगळे चेहरे गोरे, सगळ्यांना घाई. ओरडायचं तर काय ओरडायचं, कोणत्या भाषेत? बाळाचं बारसं होऊन तीन महिने झाले होते, तरी त्याचं नाव तोंडात येईना. आणि मी ओरडले, "अप्पा!" त्या एवढ्या मोठ्या विमानतळावर, लहान पोरीसारखी, "अप्पा! अप्पा!" थोरलीला वाटलं तुम्ही आलात. तीही चहूकडे बघत ओरडायला लागली.

वळणापलीकडून ती बाई लगबगीने आली. बाळ तिच्या खांद्यावर शांत झोपलेलं. "अरे, क्या हुआ? रो रहा था, ज़रा घुमा रही थी." मी बाळ ओढूनच घेतलं आणि तिच्यासमोर हमसून हमसून रडले. तिने मला रडू दिलं. मग दटावलं, "दो बच्चे लेके अकेली निकल पड़ी? घरवालों ने आने कैसे दिया?" मी पदराने नाक पुसत म्हटलं, "मेरे पिताजी ने सिखाके भेजा है." बादली तिथेच ठेवून तिने थोरलीला कडेवर घेतलं आणि आम्हाला पुढच्या विमानाच्या दारापर्यंत पोहोचवलं. तिथून शिकागोपर्यंत दोन्ही मुलं झोपली. मी मात्र टक्क जागी.

पोहोचल्यावर काकूंच्या फोनवर तुमच्याशी बोलले. आवाज घरघरत होता. तुम्ही एवढंच विचारलंत, "हात सोडला नाहीस ना?" मी म्हटलं, "थोरलीचा नाही सोडला." "मग झालं," तुम्ही म्हणालात, आणि लाइन तुटली. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. मी पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं.

एवढी वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना लंडनची म्हणून सांगत आले. पण मला अजून जागं ठेवतं ते मुंबईच्या सहार विमानतळावरचं काचेचं दार. निरोप द्यायला आलेल्यांना त्याच्यापुढे सोडत नव्हते. तुम्ही थोरलीच्या बुटाचा बंद पुन्हा एकदा बांधलात आणि म्हणालात, "मागे वळून बघू नको, पोर रडेल." मी नाही बघितलं. तुमच्या सगळ्या सूचनांतली तेवढी एक मी तंतोतंत पाळली. आता तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी मोठी आहे, म्हणून लिहू शकते. त्या दारापाशी मी मुद्दाम हळू चालत होते, अप्पा. तुम्ही मागून एकदा नुसतं "राहा गो" म्हणाला असतात तर मी परत फिरले असते. नवरा, तिकीट, कशाचाही विचार न करता. तुम्ही म्हणाला नाहीत, तेच बरोबर होतं. तरी मी वाट बघत होते.