मोर्च्यावर चढवलेली सनई

मी, निंगव्वा गुरुशांत हत्तुरे, वय वर्षे ७२, पूर्वीचा धंदा व्हिडिओ शूटिंग, हल्लीचा धंदा चौकश्या, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने, कोणाच्या दडपणाला न जुमानता लिहून ठेवते ऐसा जे —

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉ. महेश्वरी बिराजदार यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी बहात्तरपर्यंत आले आणि म्हटलं, "डॉक्टरीणबाई, माझं वय आलं की, आता थांबू?" त्यांनी हसत सही केली.

यापूर्वी एकदा रागाच्या भरात वहीत मृत्युपत्र लिहिलं होतं. राग उतरला तेव्हा ते फाडलं. कोणाला त्याची झेरॉक्स सापडली तर ती खरी धरू नये.

कलम १. राहतं घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि माडी, माझा मुलगा शिवानंद ऊर्फ शिवू याला मिळावं. तो पुण्यात असतो आणि घर विकणार हे मला पक्कं ठाऊक आहे. विकू दे. मेलेल्या माणसाने जिवंतांच्या व्यवहारात नाक खुपसू नये. जिवंतपणी मी ते भरपूर खुपसलं आहे. पण एक गोष्ट इथे नोंदवते. मी अक्कलकोटला एका लग्नाला गेले असताना याने दिवाळीच्या साफसफाईत माझ्या कॅसेटची दोन पोती भंगारवाल्याला दिली. जाब विचारला तर म्हणतो, "अव्वा, लोकांचीच लग्नं होती की त्यात." अरे बाबा, लोकांची लग्नं घेऊनच तुझं इंजिनिअरिंग झालं. हे मी माफ केलेलं नाही, फक्त त्याच्यासाठी घर अडवत नाही.

कलम २. घराची पुढची खोली, म्हणजे "गुरुशांत व्हिडिओ" हे दुकान, ही मात्र विक्रीतून वगळली आहे. ती खोली, उरलेल्या तीनशे अकरा कॅसेट आणि दोन व्हीसीआर (एक चालतो, दुसरा पहिल्याला सुटे भाग पुरवतो) शिवूची, शिकायला माझ्याजवळ राहिलेली मुलगी संस्कृती हिला मिळावेत. माझे यजमान एकोणनव्वद साली गेले. त्यांचा कॅमेरा मी खांद्यावर घेतला, कारण हळदीला, डोहाळजेवणाला बायकांना पुरुष शूटिंगवाला नको असायचा. आमच्या गल्लीने नाकं मुरडली. मला मात्र कॅमेरा म्हणजे सोनं सापडल्यासारखं झालं. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे बघायची मला लहानपणापासून खोड, आणि आता लोक स्वतः बोलावून सगळं दाखवत होते!

कलम ३. यूट्यूबवरचं "शुक्रवार पेठेतले आवाज" हे चॅनेलही संस्कृतीचंच. ते तिनेच काढलं. पासवर्ड ज्वारीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. या चॅनेलवर लग्नं कोणी बघत नाही. बघतात ते दोनच गोष्टी: शहाजीभावजींची कॅसेट आणि विडी कामगार बायकांचा मोर्चा. त्या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत आणि हे मृत्युपत्र खरं म्हणजे त्या गाठीसाठी लिहिलं आहे. घरदार काय, ते वकिलाने अर्ध्या पानात बसवलं असतं.

कलम ४. शहाजी कोंडीबा घोडके हे यजमानांचे मित्र. धंदा मंडप आणि लाऊडस्पीकर. हा माणूस लग्नात स्पीकर लावायचा आणि मंडप सुटला की तेच सामान घेऊन बसायचा. यंत्रमागाचा खडखडाट, इको मशीनमधून काढलेली कुकरची शिट्टी, स्पीकरची कुई, उलटी चालवलेली आरती, असं काय काय एकावर एक चढवून त्याने शहाण्णव साली एक कॅसेट केली. नाव "आवाज". चाळीस प्रती काढल्या. एक मला भेट दिली. मी ऐकली आणि म्हणाले, "भावजी, कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडलाय का कुणाचा?"

बोलून गेले खरी. कॅसेट टाकून मात्र दिली नाही, कारण हे काय आहे, माणूस असं का करतो, याचं कुतूहल काही जाईना. चार वर्षांमागे संस्कृतीने ती चॅनेलवर चढवली. भावजींना न विचारता, ही आमची चूक. आता बर्फाच्या देशांतली माणसं ती ऐकतात आणि विचारतात, या थोर संगीतकाराची दुसरी कॅसेट कुठे मिळेल? कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एका बाईचा "आ" चार मिनिटं वाजत राहतो. तो आवाज कशाचा यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. एकाला तो प्रार्थना वाटला, एकाला भोंगा.

कलम ५. मोर्चाही शहाण्णवचाच. आमच्या मागच्या गल्लीतली अक्कम्मा विड्या वळायची. कारखान्यातून घरी मिळायची ती पानं रद्दी, आणि त्या रद्दी पानाच्या विड्या वळून नेल्या की त्यातल्या ढीगभर "छाट" म्हणून बाजूला फेकायच्या. चांगलं पान द्या आणि छाट बंद करा, एवढंच बायकांचं म्हणणं. अक्कम्मा मला म्हणाली, "लग्नं लई काढलीस, येकदा आमाला बी काढ की." मी गेले. हातगाड्यावर भावजींचा स्पीकर, अक्कम्माच्या हातात माईक, मागे हजारभर बायका.

त्या चित्रणात एक जागा आहे. अक्कम्मा घोषणा देता देता थांबते, सरळ माझ्या कॅमेऱ्यात बघून काहीतरी बोलते. आणि मग मी पुढारी, बॅनर, सगळं सोडून मोर्च्याच्या उलट्या दिशेने चालत सुटते, पार शेवटच्या रांगेपर्यंत. एक म्हातारी चप्पल हातात धरून चालली आहे. एकीच्या कडेवर पोर आणि डोक्यावर डबा. एक पोरगी कॅमेरा बघून पदर तोंडाला लावून हसते. माझ्या उभ्या आयुष्यात याहून चांगलं काही माझ्या हातून निघालं नाही. कोलकात्याच्या एका सिनेमा शिकणाऱ्या मुलाने लिहिलं की सगळे कॅमेरे पुढाऱ्यांकडे बघतात, या बाईने पाठ फिरवून शेवट गाठला, ही नजर तिला कुठून आली? मी संस्कृतीला उत्तर लिहायला लावलं: "उपजत."

कलम ६. आता चूक सांगते. कॅमेऱ्यातला खरा आवाज लग्नाच्या गिऱ्हाइकाला कधीच नको असतो. त्यात पोरं रडतात, आत्याबाई नवरीच्या सासूला नावं ठेवतात. म्हणून दोन व्हीसीआर जोडून प्रत उतरवताना आम्ही आवाजाची वायर काढायचो आणि तिथे टेपरेकॉर्डरवरून सनई सोडायचो. त्या आठवड्यात माझ्याकडे दोन लग्नं होती. लग्नांबरोबर मोर्चाही उतरवायला घेतला. हाताला सवय. वायर काढली, सनई सोडली. मूळ कॅसेटवर दुसऱ्या दिवशी कुंभारी गावातलं लग्न घेतलं, कारण कोरी कॅसेट कोण वाया घालवतो?

चार महिन्यांनी, भावजींची कॅसेट निघाल्यावर, दुकानात सगळ्यांना मोर्चा दाखवायला बसवलं. पडद्यावर हजार बायका मुठी उगारतायत आणि सनई वाजतेय. अक्कम्मा हसून हसून खाली बसली. भावजी हसले नाहीत. उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, तुमी तर मोर्च्याचं लगीन लावलं की! आन् माझ्या कॅसेटला कुत्रं म्हंता व्हय?" त्या दिवसापासून एकोणतीस वर्षं ते माझ्याशी बोललेले नाहीत. समोरून आले तर दुकानाच्या पाटीकडे बघत जातात. मीही काही कमी नाही. मीही आकाशाकडे बघते.

बाहेरदेशीच्या एकाने विचारलं होतं की मोर्च्यावर सनई लावण्यामागे कलावंताचा हेतू काय. मी म्हटलं, लिही गं, सवय.

पण मागच्या श्रावणात भिवंडीहून सोनम नावाच्या मुलीने लिहिलं. अक्कम्माची नात. अक्कम्मा जाऊन वीस वर्षं झाली. सोनमने लिहिलं, "आमच्याकडे आज्जीचा फोटो आहे, आवाज कोणाकडेच नाही. माझी आई रोज हा व्हिडिओ लावून ओठ वाचायचा प्रयत्न करते. ती काय बोलते आहे ते तुम्हाला आठवतं का?"

नाही आठवत. देवाशपथ नाही आठवत. लोकांच्या घरातलं सगळं मला आठवतं, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं तेही, आणि समोर उभी राहून बाई माझ्याशीच बोलली ते आठवत नाही. तेव्हापासून मला चैन नाही. मी ते कळल्याशिवाय मरायला तयार नाही, पण माझी तयारी कोण विचारतो, म्हणून पुढचं कलम.

कलम ७. शहाजीभावजी प्रत्येक कार्यक्रमाला स्पीकरच्या मशीनला टेपरेकॉर्डर जोडून ठेवायचे. मोर्च्यालाही ठेवला होता. माझी खात्री आहे की कॅसेटवरचा तो चार मिनिटांचा "आ" त्याच टेपमधून घेऊन इकोने लांबवलेला, अक्कम्माचाच आहे. बोलताना तिच्या हातात माईक होता. म्हणजे इको न चढवलेली मूळ टेप त्यांच्या ट्रंकेत असणार. सबब, माझा खांद्यावरचा कॅमेरा, जो त्यांना फार आवडायचा, तो मी श्री. घोडके यांना देते, या अटीवर की त्यांनी मूळ टेप सोनमला ऐकवावी. वकीलसाहेब म्हणाले, आजी, दुसऱ्याच्या ट्रंकेतल्या वस्तूची वाट मृत्युपत्रात लावता येत नाही. मी म्हटलं, लावत नाही, विचारते आहे. जिवंतपणी तोंड उघडवत नाही म्हणून मेल्यावर विचारते आहे.

कलम ८. मला आमच्या रीतीप्रमाणे बसवून पुरावं. सनई, बँड, काही लावू नये. येणारे जे बोलतील, रडतील, कुजबुजतील, ते संस्कृतीने वायर न काढता रेकॉर्ड करावं. माझ्यामागे लोक काय बोलतात हे मला ऐकता येणार नाही याचंच मला जास्त वाईट वाटतं.

कलम ९. हे कलम आज, सहीच्या दिवशी, वाढवलं आहे.

कलम सातची झेरॉक्स मी संस्कृतीच्या हाती भावजींच्या दुकानात पाठवली होती. त्यांनी वाचली, चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "सही कवा हाय?" आज सकाळी आले. हातात पिशवी, पिशवीत टेपरेकॉर्डर. एकोणतीस वर्षांनी माझ्या घरात बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "वैनी, चा टाका."

मग टेप लावली. सोनम आणि तिची आई फोनवर होत्या. गर्दीचा आवाज, घोषणा, मग माईकवरून अगदी स्वच्छ अक्कम्मा:

"निंगव्वा, माजं तोंड काय घेतीस, ते रोज बगतीस की. मागं जा. मागच्या बायका घे. लई लांबनं चालत आल्यात, त्यांना कोण बगनार?"

फोनमधून सोनमची आई "मा अम्मे, मा अम्मे" म्हणत राहिली. त्यांच्या तेलुगूत, ही माझीच आई. मग म्हणाली, परत लावा. सात वेळा लावली.

मी भावजींना विचारलं, हे तुम्ही मला इतकी वर्षं सांगितलं का नाही? ते म्हणाले, "आता ह्ये काय सांगायचं? आख्ख्या रस्त्यानं ऐकलं. तुमी तर ऐकून लगेच मागं पळालाव. तुमाला ठावंच हाय म्हनलं."

पळाले. खरंच. तिने सांगितलं, मी ऐकलं, गेले, आणि नंतर सांगणारीला विसरून गेले. जी जागा माझ्या मालकीची नव्हती ती मी एकोणतीस वर्षं माझ्या नावावर वहिवाटली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. सबब खालील दुरुस्त्या कराव्यात.

मूळ आवाजाचा मोर्चा आता चॅनेलवर चढवावा. भावजींना विचारून, त्यांच्या नावासकट. सनईचा काढून टाकू नये. ती चूक आहे, पण ती माझी आहे आणि तिच्यावर माझाच हक्क आहे.

कलम सात रद्द. वकीलसाहेब म्हणाले की ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. भावजी म्हणाले, "मला काय बी नगं, सही कुटं करू ते सांगा." कॅमेरा संस्कृतीला.

कोलकात्याच्या त्या मुलाला दिलेलं उत्तर खोडावं. "उपजत" काढून तिथे लिहावं: अक्कम्माने सांगितलं म्हणून.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, चहा पिऊन सही केलं असे.

निंगव्वा गुरुशांत हत्तुरे (सही)

आम्हां दोघांच्या समक्ष निंगव्वाबाईंनी सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली:
१. डॉ. महेश्वरी बिराजदार (सही)
२. शहाजी कोंडीबा घोडके (सही). कलम ९ मधला आवाज माझ्याच टेपवरचा, खरा असे.

स्थळ: शुक्रवार पेठ, सोलापूर
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५