अर्धं संत्रं, रांग चौदावी

प्रिय इओलेताईस,

नाझारेनोचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे अर्ध्यातूनच परत आलो, पण भावना पुरी आहे). तुझी तब्येत कशी आहे? दुइलिओभाऊजींचा गुडघा आता त्यांना जिना चढू देतो का, की अजून खालूनच तुला हाका मारतात? सबंध वर्ष एक ओळ लिहिली नाही, जन्म टपालकचेरीत काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, असा निरोप तू धाडलास. कबूल. पण ताई, आपल्या बोर्गोवेंतोचा फुटबॉल संघ छत्तीस वर्षांनी सेरी आमध्ये, म्हणजे देशातल्या सगळ्यांत वरच्या गटात, चढला होता. वीस संघांतले शेवटचे तीन खाली ढकलले जातात, आणि आपण ऑगस्टपासून मेपर्यंत त्या तिघांच्या उंबरठ्यावर बसून होतो. अशा वर्षी माणूस पत्रं लिहीत नाही, नखं खातो.

मैदानावर चौदाव्या रांगेत माझ्या शेजारी प्रिमो बेलार्दिनेल्ली बसायचा, हे तुला आठवत असेल. तो दोन वर्षांपूर्वी गेला (संघ वर चढलेला त्याने बघितला नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं). यंदा त्याच्या जागेवर त्याची बायको आर्जिया येऊन बसली, पर्स मांडीवर घेऊन. फुटबॉलचं ज्ञान शून्य. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, तो शिट्टीवाला कुणाच्या बाजूचा. म्हटलं, कुणाच्याच नाही. तर म्हणते, "मग बिचाऱ्याला एवढं पळवता कशाला?" पन्नास वर्षं सामने बघतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी जाऊन रात्रभर जागा होतो, पण खरं सांगतो, विचार शिट्टीवाल्याचा नव्हता.

नोव्हेंबरपर्यंत आपण एकही सामना जिंकलो नव्हतो. मग उत्तरेकडचा एक बडा संघ आला. मध्यंतरात आर्जियाने पर्समधून संत्रं काढलं, एका दमात अखंड साल सोललं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. "घ्या, गोड आहे," ती म्हणाली. "आभारी आहे, बाई," मी म्हणालो. मला संत्र्याने पित्त होतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे (आईचा तो चांगला गालिचा). तरी गिळलं. शेवटची फोड घशाखाली उतरते न उतरते तोच आपला गोल. जिंकलो.

झालं. मागच्या रांगेत सेत्तिमिओ औषधवाला बसतो, त्याने त्याच दिवशी फर्मान काढलं की यापुढे यातलं काहीही बदलायचं नाही. तोच कोट, तेच अर्धं संत्रं, आणि बोलायचं तेवढंच जेवढं त्या दिवशी बोललो. हिशेब लाव, ताई. जिच्या शेजारी मी दर पंधरा दिवसांनी दोन तास बसतो, तिच्याशी मला दोन वाक्यांची परवानगी, त्यातलं एक तिचं. बाहेर गाठून बोलावं म्हटलं, तर सेत्तिमिओ म्हणाला, बाहेरचं बोलणं आत शिरतं. जानेवारीत राहवलं नाही. मी म्हणून गेलो, "केस छान दिसतात." त्याच मिनिटाला आपल्याविरुद्ध पेनल्टी. चौदावी रांग माझ्याशी महिनाभर बोलली नाही, आणि सेत्तिमिओने रक्तदाबाच्या गोळ्या पाठ फिरवून दिल्या.

एवढं करूनही मार्चात संत्रीच संपली. याचा विचार कुणी केलाच नव्हता. पालेर्मोकडची उशिराची संत्री एका भाजीवाल्याकडे मिळाली, त्यावर ईस्टरपर्यंत तग धरला. पुढे बाजारात संत्रं नाही आणि आपल्या खात्यात गुण नाहीत. शेवटचा सामना घरच्या मैदानावर, जिंकलो तर राहिलो, नाहीतर खाली. मी आंकोनापर्यंत जाऊन पाकातल्या फोडींचा डबा आणला. सेत्तिमिओने चष्मा लावून डबा तपासला आणि निकाल दिला की सालाशिवाय धरता येणार नाही. तेव्हा मी घरी वाळवून ठेवलेलं एक साल काढलं (का ठेवलं होतं ते विचारू नकोस), त्यात फोडी भरल्या, वरून दोरा बांधला आणि सामन्याआधी मुकाट्याने आर्जियाच्या हातात दिलं. मे महिन्याच्या उन्हात लोकरी कोट, खिशातून गळणारा पाक आणि भोवती माश्या, असा तुझा भाऊ बसला होता.

मध्यंतराला शून्य-शून्य. आर्जियाने दोरा सोडला, आत बघितलं आणि पोट धरून हसली. मग, सेत्तिमिओच्या देखत, ती ठरल्यापेक्षा जास्त बोलली. "मास्तर, मला संत्रं मुळीच आवडत नाही. नोव्हेंबरात आणलं ते तुमच्यासाठी."

मी म्हणालो, "मला पित्त होतं."

मागे सेत्तिमिओ मटकन बसला. आम्ही दोघांनी मिळून नावडतं फळ सहा महिने खाल्लं होतं, ताई, आणि मला त्या क्षणी इतका आनंद झाला की संघ खाली गेला असता तरी चाललं असतं (हे गावात कुणाला सांगू नकोस). आणि संघ गेला नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपल्या एकाने आंधळेपणाने मारलेला चेंडू त्यांच्याच बचावपटूच्या बुडावर आपटून आत गेला. मी उडी मारली, कंबर तिथेच गेली, आणि तसाच वाकडा उभा राहून मी आर्जियाला विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. वीस हजार माणसं ओरडत होती. तिने होकारार्थी मान हलवली. पण ती मला हलवली की गोलला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. परत विचारायचा धीर होत नाही.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
नाझारेनो

ता.क. आईची अंगठी, जी तू तीस वर्षं 'सांभाळायला' म्हणून बोटात घालून बसली आहेस, ती पाठवशील का? हातात अंगठी असली की माणसाला दुसऱ्यांदा विचारता येतं. जुलैच्या आत पाठव, नंतर नवं वेळापत्रक लागतं आणि मग सेत्तिमिओ काय ठरवेल सांगता येत नाही.

ता.क. २. कंबरेमुळे टपालापर्यंत चालवत नाही. पाकीट आर्जियाच्या हाती देतो आहे. ती दुसऱ्यांची पत्रं वाचणाऱ्यातली नाही.

ता.क. ३. इओलेताई, नमस्कार. पाकीट यांच्या कोटाच्या खिशातल्या पाकाने आधीच उघडलं होतं. मान मी यांनाच हलवली होती, गोल मला दिसलाच नाही. अंगठी जरूर पाठवा, माझं बोट जाड आहे. आणि भाऊजींना ठाऊक असेल तर कळवा, तो शिट्टीवाला नेमका कुणाच्या बाजूचा? — आर्जिया